भरल्या गाड्या परत

अख्ख्या वऱ्हाडात, आणि सरकारनं वऱ्हाडाला ज्याच्या दावणीला बांधलं होतं त्या मध्यप्रांतातसुद्धा, अमेरिकेतल्या पावसाची रोज काळजी करणारा माणूस एकच होता, आणि ते माझे सासरे होता होता राहिले. स्वतःच्या शेतात काल पाऊस झाला की नाही हे त्यांना गड्याला विचारावं लागे. पण टेक्सासात यंदा ओल कमी आहे, मिसरात नाईलला पाणी बरं आहे आणि जपानातल्या गिरण्या दोन पाळ्यांत चालल्या आहेत, हे ते जेवता जेवता सांगत. मोताळ्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. काळीभोर जमीन, न आटणारी विहीर, आठ बैलजोड्या, बायको वारलेली आणि वच्छला नावाची एकुलती एक मुलगी. एवढं असलेल्या माणसानं खरं तर ओट्यावर बसून सुखानं तंबाखू मळायची. पण तरुणपणी कुठल्याशा दलालानं त्यांना सांगून ठेवलं होतं की मलकापूरच्या कापसाचा भाव मलकापुरात ठरत नाही, तो विलायतेत लिवरपूल नावाच्या गावी ठरतो. त्या दिवसापासून या माणसाचं आपल्या गावात म्हणून मन लागलं नाही.

मी मोताळ्याच्या शाळेत तिसरा मास्तर होतो आणि भूगोल माझ्याकडे होता. आमच्या हेडमास्तरांकडे मुंबईचा इंग्रजी पेपर यायचा. तो त्यांनी वाचून, त्यांच्या मेव्हण्यानं वाचून आणि घरात त्यात भजी ठेवायच्या आत मी हिसकावून घेईपर्यंत जगात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असे. या शिळ्या पेपरातले कापसाचे भाव ऐकायला मामाजी दर बाजाराच्या दिवशी शाळेत येत. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि मी त्यांना सोयरीक जमायच्या आधीपासूनच म्हणत होतो, इतकी मला घाई होती. वर्ग चालू असो की परीक्षा असो, दाराशी जोडे काढून ते विचारत, "मास्तर, लिवरपूल काय म्हनते?" लिवरपूल उतरलं असेल तर ते माझ्याकडे असं बघत की जसं काही मीच उतरवलं. आणि चढलं असेल तर पोरांना सुट्टी द्यायला लावत. हेडमास्तरांनी याबद्दल मला दोनदा लेखी समज दिली. मी ती खिशात ठेवून पेपर वाचत राहिलो, कारण ऐकणारा माणूस वच्छलाचा बाप होता.

एकदा त्यांनी शाळेचा पृथ्वीचा गोल मागून घरी नेला. चार दिवसांसाठी म्हणून नेलेला गोल काही वर्षं त्यांच्याकडे राहिला. त्यावर त्यांनी अमेरिकेला, मिसरला आणि जपानला तांबड्या शाईचे टिळे लावले. मग विचारलं, "आमचं ठिकान कुठी हाये याच्यावर?" मी म्हटलं, मोताळा एवढ्या मोठ्या गोलावर यायचा नाही. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "कापूस तं आमचा बोटीनं तिथपर्यंत जाते, अन आमीच नाही?" असं म्हणून त्यांनी डिंकानं एक सरकी तिथं चिकटवून दिली. एका सरकीखाली वऱ्हाड, खानदेश, अर्धा निजाम आणि थोडी मुंबई झाकली गेली. एवढा मोठा मोताळा मी तरी पुन्हा कुठं पाहिला नाही.

हे सगळे देश त्यांच्या बोलण्यात भाऊबंदांसारखे यायचे. अमेरिका म्हणजे माजलेला थोरला भाऊ, ज्याच्या वखारीत तीन-तीन सालांचा माल पडून आहे आणि तो आपल्याला सुखानं खाऊ देत नाही. मिसर म्हणजे लांब धाग्याचा तोरा मिरवणारी वहिनी. जपान म्हणजे कंजूष पण वेळेला उपयोगी पडणारा मेव्हणा, कारण आमचा आखूड धाग्याचा जाडाभरडा कापूस भेसळीला कोणी घेत असेल तर तोच. अमेरिकेत बोंडात किडा पडला आणि कोसच्या कोस पीक गेलं, असं मी एकदा वाचून दाखवलं, तेव्हा ते आनंदानं उठून उभे राहिले, आणि लगेच खाली बसले. म्हणाले, "वाईट वाटते हो मास्तर. तिथीसा बी माह्यासारखाच कोनी तं असन. पन किडा चांगला हाये." त्या दिवशी त्यांचेच दोन बैल त्यांच्याच उभ्या कापसात शिरून चरत होते. ते सांगायला आलेल्या गड्याला त्यांनी हातानंच गप्प केलं, कारण अमेरिकेचं अजून संपलं नव्हतं.

कापूस दिसला की त्यांचा हात राहत नसे. चिमूटभर उपटायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा, धागे सारखे करायचे आणि बोटाच्या पेरावर ठेवून लांबी बघायची. ही परीक्षा बाजारात ठीक आहे. पण ते ती लोकांच्या गाद्या, उशा आणि अंगातल्या बंड्या यांच्यावरही करत. ते आमच्या चिखलीच्या घरी मला बघायला आले तेव्हा वडिलांनी त्यांना लोडाशी बसवलं. चहा येईपर्यंत मामाजींनी लोडाची शिवण उसवून आतला कापूस काढला होता. वडिलांनी विचारलं, "मुलगा कसा वाटला?" मामाजी धागा ताणत म्हणाले, "पोरगा एक नंबर. लोडात मातर मिसळ हाये." आमच्या आईनं तो लोड पुन्हा बैठकीत ठेवला नाही. आणखी एक गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही. वऱ्हाडचा कापूस गादीत भरायच्याच लायकीचा, असं कोणी म्हटलं की ते पानावरून उठत.

पण अमेरिकेपेक्षाही त्यांचा खरा वैरी म्हणजे नकली रेशीम. लाकडाचा लगदा करून त्याचा धागा काढतात, हे मी त्यांना सांगितलं आणि मग पुष्कळ दिवस पस्तावलो. गावच्या एका लग्नात नवरदेवाचा चुलता चकचकीत फेटा बांधून आला होता. मामाजींनी त्याच्या शेवाचा एक धागा ओढला, तोंडात धरून ओला केला आणि टचकन तोडून दाखवला. कापसाचा धागा भिजला की बळकट होतो, हा भिजला की मरतो. "हे झाड हाये, झाड!" ते भर मांडवात ओरडले, "लोक डोक्शाले लाकूड बांधून लग्नाले येऊन राह्यले, अन मंग म्हनतेत कापसाले भाव काऊन नाही!" चुलत्याला पुढं मानपान करताना दुसरा फेटा द्यावा लागला. तो अर्थात सुती होता.

बाजारात कापसाचा सौदा उपरण्याखाली व्हायचा. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हातात हात घालतात, बोटं धरून भाव सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. आणि पटलं की अख्खा पंजा दाबायचा, सौदा पक्का. मामाजींना ही पद्धत इतकी आवडायची की ते सगळेच व्यवहार तसेच करत. माझ्या वडिलांबरोबर लग्नाची बोलणी करताना त्यांनी मध्येच उपरणं पसरून वडिलांचा हात आत ओढला आणि बोटं दाबू लागले. ते वैशाखातल्या तिथी सुचवत होते. वडील चिखलीच्या कचेरीतले कारकून, त्यांना वाटलं पाहुण्यांना झटका आला. पण शेवटी पंजा दाबला गेला आणि माघात आमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. वच्छलाला मी त्या दिवशी नीट पाहिलं. तिच्या कानामागं केसात कापसाचा एक धागा अडकला होता आणि तो काढावा असं मला फार वाटलं. इथपर्यंतचं सगळं मी आजही हसत सांगतो.

वैशाख आला तेव्हा मामाजी चिखलीला जाऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "एक साल थांबू. अमेरिकेच्या वखारी भरेल हायेत, भाव मेला हाये. पोरीचं लगन मी मेल्या भावात करत नसतो." कापूस त्यांनी घरात साठवला. आमच्याकडे घराघरांतून कापूस साठवतातच, पण त्याला एक खोली असते. मामाजींच्या घरात आधी ती खोली भरली, मग माजघर, मग देवघराच्या अलीकडची पडवी. तेवढ्यात युरोपात लढाई पेटली आणि मामाजी तरुण झाले. मागच्या मोठ्या लढाईत कापूस आभाळाला भिडला होता आणि त्यांच्या बापानं तो आधीच विकून टाकला होता, ही गोष्ट ते घास अडकल्यासारखी सांगत. नवा कापूस वेचून आला तो जुन्यावर चढला. भाव खरंच वर जाऊ लागला. पौषात मी पेपर घेऊन गेलो तेव्हा घरात शिरायला एक बोळ तेवढी उरली होती. मामाजी खळ्यावर गेले होते. मी बोळीत उभा राहिलो आणि पलीकडून, कापसाच्या भिंतीआडून, वच्छलाचा आवाज आला.

"मास्तर आले काय?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "मले या कापसाचा लय कटाळा आला. भाकरीत धागा, पान्यात धागा. अमेरिकेत पीक आलं म्हनून माह्यं लगन काऊन थांबते, हे मले कोनी सांगतच नाही." मी भूगोलाचा मास्तर; मला तरी कुठं सांगता येत होतं? ती पुन्हा म्हणाली, "बाबा येत्या बाजाराले मलकापूरले गाड्या नेऊन राह्यले. तुमाले संग नेतीन. तुमचं आयकतेत ते. विकून टाका म्हना. सांगसान ना?" मी म्हटलं, "सांगतो." खात्री करून घ्यायला ती म्हणाली, "हाव?" मी म्हटलं, "हाव." आमच्यात झालेलं एवढंच बोलणं. चेहरा दिसला नाही, पण दिसल्यासारखा आठवतो.

मलकापूरच्या बाजारात आम्ही आठ गाड्या घेऊन पोचलो. गाड्या रिकाम्या झाल्या की त्याच उरलेला माल आणायला परत फिरणार होत्या. बाजार तापला होता. असा भाव त्या वर्षात आधी नव्हता आणि नंतर तर नव्हताच, पण हे त्या दिवशी कोणाला ठाऊक असतं? गिरणीचा माणूस आला, त्यानं मामाजींचा हात उपरण्याखाली घेतला, आणि मामाजींच्या भुवया वर गेल्या. भाव चांगला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पंजा दाबायच्या आधी ते थांबले. अडत्यांकडे, व्यापाऱ्यांकडे, गाडीवानांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "हे माहे जावई. इंग्रजी पेपर वाचतेत. सगळ्या दुनियेचा कापूस यायच्या डोक्शात हाये. बोला मास्तर, देऊ काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या दिवशी काळा कोट घातला होता. "विका" असं म्हणणं फार सोपं होतं. इतकं सोपं की शेजारचा गाडीवानही तेच म्हणाला असता, आणि तिथंच माझं सगळं बिघडलं. इंग्रजी शिकलेल्या माणसानं गाडीवान म्हणेल तेच म्हणायचं? आदल्या दिवशी वाचलेल्या शिळ्या पेपरात कोणा पंडितानं लिहिलं होतं की लढाई लांबणार, जहाजं अडणार, माल महागणार. मी घसा साफ केला, लिवरपूल, न्यूयॉर्क, ओसाका अशी तीन नावं घेतली आणि म्हणालो, "थांबा, मामाजी." काही लोकांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं आणि आजही माझी मलाच किळस येते. मामाजींनी उपरण्याखालून हात काढून घेतला.

भरल्या गाड्या बाजारातून परत आलेल्या त्या रस्त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काऊन पाटील, गाड्या तशाच?" आणि मामाजी कौतुकानं सांगायचे, "जावई शिकेल हाये ना!" मी पुढच्या गाडीवर कापसाच्या ढिगावर बसलो होतो. दिवस मावळायच्या आत गावात शिरलो. बाजाराहून गाड्या आल्या की बैलांच्या पायांवर पाणी घालायची रीत आहे. वच्छला कळशी घेऊन दारात उभी होती. तिनं भरल्या गाड्या पाहिल्या. मामाजी आधी उतरून तिच्याशी काहीतरी बोलले. मग एकेका बैलाच्या पायांवर पाणी घातलं, सोळाही बैलांच्या, अगदी सावकाश. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मी समजलो की तिला सगळं समजलं.

पंडित म्हणाला तसं झालं खरं. लढाई लांबली आणि जहाजं अडली. फक्त जहाजं अडल्यावर आमचा कापूस नेणार कोण, हे त्यानं लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. उन्हाळ्यात युरोपातले देश एकामागून एक पडले, तिथल्या गिरण्या आमच्यासाठी बंद झाल्या आणि भाव कोसळला. मामाजी म्हणाले, "जपान हाये अजून." पुढच्या साली तो मेव्हणाही लढाईत उतरला, तोही आमच्याविरुद्ध, आणि आखूड कापूस कोणी फुकट नेईना. सरकार सांगू लागलं की कापूस सोडा, ज्वारी पेरा. मामाजींच्या घरातला कापूस पिवळा पडला, त्यात उंदरांनी संसार मांडले. तरी ते बाजाराच्या दिवशी शाळेत येत आणि दाराशी जोडे काढून विचारत, "लिवरपूल काय म्हनते?" लिवरपूल आता काही म्हणत नव्हतं. मी त्यांना खोटं वाचून दाखवायला लागलो. एकदाही, चेष्टेनंसुद्धा, ते मला म्हणाले नाहीत की मास्तर, त्या दिवशी तुम्ही काय सांगितलं होतं.

सोयरीक माझ्या वडिलांनी मोडली. "आपला पोरगा काय कापूस हाये, भाव येईपर्यंत पडून राहाले?" असं ते म्हणाले. मी आडवा आलो नाही. कोणत्या तोंडानं येणार? तिला जो शब्द दिला तोच मी मोडून आलो होतो. मला वाटलं, सुटेल बिचारी. मामाजी त्यानंतर एकदाच शाळेत आले. शाळेचा गोल धोतराच्या कपड्यात बांधून आणला होता. "आता हा ठेवनं बरं दिसत नाही," एवढंच म्हणाले. तांबडे टिळे पुसून काढले होते. सरकी मात्र निघाली नव्हती. वच्छलाचं लग्न पुढं जळगाव जामोदकडच्या एका दुसरेपणाच्या माणसाशी झालं, मांडव न घालता. माझंही झालं. लढाई संपली, आणि संपल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मामाजी गेले.

मी तेराव्याला गेलो. घर रिकामं होतं. तुळयांना, खुंट्यांना, देवघराच्या चौकटीला अजून धागे चिकटले होते. वच्छला आली होती. जाड झाली होती, आणि केस पुढून पांढरे. तिनं आतून एक नवी गादी आणवली. "बाबायनं तो सगळा कापूस शेवटी पिंजून घेतला," ती म्हणाली. "गाद्या केल्या अन गावात घरोघर वाटल्या. म्हनत, गादीले आपल्यासारखा कापूस नाही, अमेरिकेचा दबून जाते. ही तुमच्या नावानं ठेवली होती. तुमच्या लग्नात द्याची होती, पन त्यायले कसंतरी वाटलं."

एवढी वर्षं छातीवर धरलेलं एकदाचं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "वच्छलाबाई, त्या दिवशी बाजारात मी..." तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "मालूम हाये मले," ती म्हणाली. "बाबायनं त्याच दिवशी सांगितलं. मास्तर लय कळवळून म्हनत होते विका विका, मीच नाही आयकलं. तुमाले अपमान वाटला असन म्हनून मी तुमच्याकडे पाह्यलं बी नाही. सगळी चूक बाबाची होती. तुमी तं आपला शब्द पाळला."

जावयाविषयी पोरीच्या मनात वाकडं येऊ नये म्हणून त्या माणसानं गाडीतून उतरल्याबरोबर माझं पाप आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि पुढं जावई जावई राहिला नाही तरी मरेपर्यंत ते उतरवलं नव्हतं. वच्छला माझ्याकडे बघत होती. माझ्याबद्दल जगात एकीला तरी बरं वाटत होतं. मी म्हटलं, "हाव."

ती गादी मी बैलगाडीत घालून घरी आणली. दर दिवाळीला ती अंगणात उन्हात पडते. शिवणीतून चिमूटभर कापूस काढून मी अंगठ्यांत ताणून बघतो. धागा आखूडच आहे, पण अजून तुटत नाही. बायको म्हणते, गोळे झालेत, पिंजाऱ्याला द्या, नाहीतर टाकून द्या एकदाची. मी म्हणतो, थांब.